६७ चा प्रायव्हेट नंबर जुन्या गाडीवरून काढून लीझच्या ईव्हीवर कसा न्यायचा? यूकेतल्या जाणकारांनी सांगा

हॅरोचा_हौशी

नमस्कार मंडळी. डीव्हीएलएच्या (यूकेचं वाहन नोंदणी खातं) साइटवर सगळं लिहिलंय खरं, पण माझ्या बाबतीत दोन-तीन गोष्टी एकात एक अडकल्यात, म्हणून इथे विचारतोय.

आताची गाडी पेट्रोल हॅचबॅक, पहिली नोंदणी नोव्हेंबर २०१७. लॉगबुक (गाडीचा नोंदणी दाखला) माझ्या नावावर, कर्ज फिटलेलं, टॅक्स चालू. गाडीवर विकत घेतलेला प्रायव्हेट नंबर आहे: दोन अक्षरं, मग ६७, मग तीन अक्षरं. शेवटच्या तिघांत घरचं टोपणनाव बसतं, त्यामुळे नंबर सोडायचा नाही. साधारण सहा आठवड्यांनी ऑफिसच्या सॅलरी सॅक्रिफाइसमधून (पगारातून पैसे कापून मिळणारी लीझची गाडी) ईव्ही येणार आहे आणि जुनी गाडी डीलरला द्यायची आहे.

आधी काय करायचं, नंतर काय? खर्च किती? ईव्हीचं लॉगबुक लीझ कंपनीच्या नावावर असणार, तर नंबर माझाच राहतो का? आणि ईव्ही यायला उशीर झाला तर तोवर नंबर बायकोच्या गाडीवर लावून ठेवता येईल का? तिची गाडी १४ ची आहे.

---

लॉगबुकवाला

पहिली गोष्ट पहिली: जुनी गाडी दाराबाहेर जायच्या आत नंबर तिच्यावरून उतरवा. तुम्ही पैसे मोजून घेतलाय तो नंबर नव्हे, नंबर गाडीला लावण्याचा हक्क. एकदा का नंबर गाडीवर चढला की डीव्हीएलएच्या लेखी तो हक्क त्या गाडीच्या नोंदणीकृत कीपरचा (लॉगबुकात ज्याचं नाव त्याचा). गाडी विकली की कीपर बदलला, हक्कही गेला. नंतर डीलरने चांगुलपणाने परत दिला तर दिला. कायद्याने मागता येत नाही.

उतरवायला ऑनलाइन पाच-दहा मिनिटं लागतात. सरकारी साइटवर प्रायव्हेट नंबर ठेवून घ्यायचा पर्याय निवडा, गाडीचा नंबर टाका, लॉगबुकावरचा ११ आकडी डॉक्युमेंट रेफरन्स नंबर टाका, कार्डाने ८० पाउंड भरा. गाडीला बदली कुठला नंबर मिळणार ते तिथेच दिसतं, बहुतेक वेळा तिचा मूळचाच परत येतो. तुमचा प्रायव्हेट नंबर रिटेन्शनवर (गाडीविना तुमच्या नावे राखून) जातो आणि त्याचा दाखला म्हणजे व्ही७७८. डीव्हीएलएकडून कोरा करकरीत नंबर घेतला की जे मिळतं ते व्ही७५०. काम दोन्हींचं एकच.

हे ८० पाउंड म्हणजे पुढच्या गाडीला नंबर लावण्याची फी आगाऊ भरलेली असते. त्यामुळे नव्या गाडीवर चढवताना पुन्हा काही द्यावं लागत नाही. मार्च २०१५ च्या आधी ८० बदलीचे आणि वर २५ ठेवण्याचे असे १०५ जायचे, म्हणून जुन्या पोस्टींत तो आकडा दिसेल. तो विसरा.

व्ही७७८ दहा वर्षं चालतो. संपायच्या आत नूतनीकरण करायचं. तारीख चुकली तर नंबर कायमचा गेला, दंड भरून परत मिळत नाही. आठवणीचं पत्र येईल या भरवशावर राहू नका. घर बदललं आणि व्ही७७८ वरचा पत्ता बदलायचा राहिला की पत्र जुन्या घरी जाऊन पडतं.

गाडीच्या अटी तुमच्या बाबतीत अडणार नाहीत. गाडी डीव्हीएलएकडे नोंदलेली हवी, स्वतःच्या इंजिनावर चालणारी हवी, एमओटी (गाडीची ठरावीक तपासणी) लागणाऱ्या प्रकारातली हवी, आणि गेली पाच वर्षं सलग टॅक्स किंवा सॉर्न (गाडी रस्त्यावर काढत नाही अशी नोंद) यांपैकी काहीतरी हवं. अडतात ते गॅरेजात वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या गाड्यांचे मालक: सॉर्न पाच वर्षांपेक्षा जुनी असेल तर आधी टॅक्स आणि एमओटी करून मगच नंबर निघतो.

आता वेळेचं गणित. नंबर उतरवला की हातातलं लॉगबुक तत्क्षणी जुनं होतं. नवं लॉगबुक नव्या रेफरन्स नंबरसकट पोस्टाने येतं. ते येईपर्यंत गाडी विकल्याचं ऑनलाइन कळवता येत नाही आणि डीलरही हात आखडता घेतो. म्हणून डीलरकडे जायच्या आदल्या रात्री हे करू नका. निदान तीन आठवडे आधी करा. तुमच्याकडे सहा आहेत, म्हणजे या शनिवार-रविवारी बसलात तरी घाई म्हणता येणार नाही.

आणि नंबर उतरला की त्या क्षणापासून गाडीवर जुन्या पाट्या चालत नाहीत. मूळ नंबरच्या पाट्या माळ्यावर असतील तर आधी शोधून ठेवा, नसतील तर बनवून घ्या. स्क्रीनवर बदली नंबर पाहिल्याशिवाय मात्र बनवू नका, तो क्वचित वेगळाही निघतो.

---

कोव्हेंट्रीचा_कारागीर

बायकोच्या गाडीचं विसरा. १४ च्या गाडीवर ६७ चढत नाही. नियम असा की नंबरामुळे गाडी आहे त्यापेक्षा नवी दिसता कामा नये. ६७ म्हणजे सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८, आणि १४ म्हणजे मार्च ते ऑगस्ट २०१४. अर्ज तिथल्या तिथे नाकारला जाईल. उलटं चालतं: ईव्ही कितीही नवी असो, तिच्यावर ६७ बिनदिक्कत लावा.

आकडे लक्षात ठेवायची सोपी रीत म्हणजे मार्चमध्ये नोंदलेल्या गाडीला वर्षाचेच शेवटचे दोन आकडे, सप्टेंबरात नोंदलेलीला त्यात ५० मिळवून. ही पद्धत सप्टेंबर २००१ मध्ये ५१ पासून सुरू झाली. त्याआधी १९८३ पासून वर्षाचं अक्षर पुढे असायचं, १९६३ ते १९८३ ते मागे असायचं. त्याहून जुने नंबर बिनतारखेचे, कुठल्याही वयाच्या गाडीला चालतात. उत्तर आयर्लंडच्या नंबरांत आय किंवा झेड असतो आणि वर्ष नसतं, म्हणून गाडीचं वय झाकायचं असेल तर लोक स्वस्तात तेच घेतात. क्यू ने सुरू होणाऱ्या गाड्यांना मात्र कुठलाच प्रायव्हेट नंबर लागत नाही.

आणि समजा बायकोची गाडी नवी असती, तरी मी तिथे लावा म्हटलं नसतं. तिच्या गाडीवर चढला की हक्क तिचा. पुन्हा उतरवायला पुन्हा ८० पाउंड आणि पुन्हा नवं लॉगबुक. रिटेन्शनवर पडून राहायला काही लागत नाही, मग ही वणवण कशाला?

---

स्लाऊची_ताई

मी लीझच्या मुद्द्यावर लिहिते, कारण खरी गोम तिथे आहे आणि बाकी सगळं त्यामानाने सोपं आहे.

सॅलरी सॅक्रिफाइसच्या गाडीत नोंदणीकृत कीपर म्हणजे लीझ कंपनी. तुम्ही नुसते चालक. लॉगबुक तुमच्या हाती येणार नाही, रेफरन्स नंबर कळणार नाही, म्हणून नंबर तुम्हाला स्वतः चढवता येत नाही. कंपनीलाच करावं लागतं. बहुतेक कंपन्या आधी सांगतात की व्ही७७८ वर आमचं नाव नॉमिनी म्हणून घाला. नॉमिनी घालणं किंवा बदलणं फुकट असतं, पण ते फक्त ग्रँटी करू शकतो, म्हणजे दाखला ज्याच्या नावे आहे तो. मग कंपनी नंबर गाडीला लावते आणि स्वतःची हाताळणी फी घेते. ती कंपनीगणिक वेगळी, डीव्हीएलएचा तिच्याशी संबंध नाही. आधी विचारून घ्या.

आता हौशीभाऊंचा प्रश्न, नंबर माझाच राहतो का. लॉगबुकवाल्यांनी वर लिहिलंय तेच इथे लागू: गाडीवर आहे तोवर हक्क कीपरचा, म्हणजे लीझ कंपनीचा. तुमचा राहतो तो कंपनीने लेखी कबूल केलं असेल तर. म्हणून व्ही७७८ हातातून सोडायच्या आधी एक ईमेल मागून घ्या. त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: करार संपताना किंवा मध्येच तुटताना नंबर रिटेन्शनवर काढून तुम्हाला परत मिळेल, त्याचे ८० पाउंड आणि फी कोण भरणार, आणि किती आठवडे आधी कळवायचं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. गाडी न्यायला माणूस दारात येतो तेव्हा नंबर अजून गाडीवरच असेल तर गाडी थेट लिलावाच्या आवारात जाते आणि नंबर तिच्यासोबत.

मध्येच तुटणं म्हणजे नोकरी सोडणं किंवा जाणं. सॅलरी सॅक्रिफाइसची गाडी नोकरीला बांधलेली असते. नोटीस पिरियड एक महिन्याचा आणि कंपनीला नंबर काढायला सहा आठवडे हवेत, असं झालं तर पंचाईत. नोटीस दिली त्याच दिवशी लीझ कंपनीला ईमेल करा, मॅनेजरच्या आधी केलात तरी हरकत नाही.

गाडी पहिल्यांदा नोंदवतानाच डीलर हा नंबर लावू शकतो, म्हणजे ती कधी चालू वर्षाच्या साध्या पाटीवर येतच नाही. पण लीझमध्ये बऱ्याच कंपन्या याला नाही म्हणतात, आधी साधी नोंदणी होऊ द्या म्हणतात. त्यात तोटा नाही, फक्त पाट्या दोनदा बदलतात.

एक वेगळी गोष्ट पीसीपी किंवा हायर पर्चेसवाल्यांसाठी (म्हणजे गाडी हप्त्यांवर घेणाऱ्यांसाठी): तिथे कीपर तुम्हीच असता, म्हणून सगळं स्वतः करता येतं. फक्त फायनान्स कंपनीला नंबर बदलल्याचं कळवा, त्यांची नोंद गाडीच्या नंबरावर असते.

---

हॅरोचा_हौशी

ताई, लॉगबुकवाले, कारागीर, मनापासून आभार. लीझ कंपनीला आजच ईमेल करतो. नोकरीचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता.

आता पाट्यांविषयी. प्रायव्हेट नंबरच्या आताच्या पाट्या चांगल्या आहेत, २०१८ मध्ये बनवलेल्या. त्याच ईव्हीवर लावू का? आणि अक्षरांमधलं अंतर थोडं सरकवून टोपणनाव सलग दिसेल असं करून देणारे आहेत, ते कितपत चालतं?

---

कोव्हेंट्रीचा_कारागीर

दोन्हीला नाही.

पाटीच्या तळाशी बारीक अक्षरांत ब्रिटिश स्टँडर्डचा मार्क असतो. २०१८ च्या पाटीवर बीएस एयू १४५डी असेल. १ सप्टेंबर २०२१ नंतर बसवलेल्या पाटीवर १४५ई लागतो, पाटी कितीही चकचकीत असली तरी. त्याच मार्काशेजारी पाटी बनवणाऱ्याचं नाव आणि पोस्टकोड असतो, तोही हवा.

अक्षराची उंची ७९ मिमी, रुंदी ५० मिमी, रेघेची जाडी १४ मिमी, दोन अक्षरांत ११ मिमी, दोन गटांत ३३ मिमी. रुंदीला अपवाद फक्त एकचा आकडा आणि आय. तुमच्या नंबरात पहिली चार एका गटात आणि शेवटची तीन दुसऱ्या गटात. हे ३३ मिमी खाऊन सात अक्षरं सलग केली, किंवा ७ चा टी दिसावा म्हणून काळा स्क्रू मारला, की एमओटी नापास, १,००० पाउंडांपर्यंत दंड, आणि डीव्हीएलएला नंबर कायमचा काढून घ्यायचा अधिकार. टोपणनाव शेवटच्या तीन अक्षरांत आहेच ना? मग ते ३३ मिमीमुळे उलट उठून दिसतं. अंतर सरकवायचं कारणच नाही.

फोरडी म्हणून जी उंच काळी अक्षरं मिळतात ती मापात आणि एकरंगी काळी असतील तर चालतात. छटा दिलेली दोनरंगी अक्षरं १४५ई मध्ये बाद. ईव्ही आहे म्हणून डाव्या कडेला हिरवी पट्टी घेता येते. ती सक्तीची नाही. ती फक्त शून्य उत्सर्जनाच्या गाड्यांना, हायब्रिडला नाही.

बनवायला नोंदणीकृत सप्लायरकडे जाताना दोन कागद लागतात: तुमची ओळख, म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स, आणि नंबर तुमचा असल्याचा पुरावा. व्ही७७८ दाखवून पाटी बनते, पण ईव्हीसाठी नंबर चढल्यावर लीझ कंपनीकडून ईव्ही९४८ नावाचं अधिकृत पत्र मागा, लॉगबुक नसलेल्या फ्लीटच्या गाड्यांसाठी तेच असतं. मूळ कागद न विचारता ‘शो प्लेट’ म्हणून बनवून देणाऱ्यांकडे जाऊ नका, ती पाटी रस्त्यावर चालत नाही.

बसवताना: जुन्या चिकटपट्टीचा लगदा प्लॅस्टिकच्या पातीने काढा, स्पिरिटने पुसा, कोरडं होऊ द्या, मग नवी दुहेरी फोम टेप. थंडीत बाहेर उभ्या गाडीवर टेप धरत नाही, आधी हेअर ड्रायरने जागा कोमट करा. स्क्रू मारणार असाल तर अक्षरांपासून लांब, आणि टोपी पुढे पांढरी, मागे पिवळी.

---

एम२५वर_अडकलेला

कागद आणि पाट्या झाल्या, पण लोक आपटतात ते मधल्या तीन-चार आठवड्यांत, ज्यात जुनी गाडी मूळ नंबरवर फिरत असते.

विमा: पॉलिसी नंबरशी जोडलेली असते. नंबर उतरवला त्याच दिवशी विमा कंपनीला जुन्या गाडीचा बदललेला नंबर कळवा. नाहीतर रस्त्यावरच्या कॅमेऱ्याला आणि पोलिसांच्या डेटाबेसला ती गाडी बिनविम्याची दिसते. हे राहून गेलं तर पुढे आणखी गोंधळ: तोच प्रायव्हेट नंबर ईव्हीच्या विम्यात जातो आणि जुन्या गाडीच्या पॉलिसीतही बसलेला असतो. सॅलरी सॅक्रिफाइसमध्ये विमा बहुधा पॅकेजमध्येच असतो. तिथे नंबर बदलल्याचं लीझ कंपनी कळवेल असं गृहीत धरू नका, स्वतः विचारा.

लंडनच्या कंजेशन चार्ज आणि युलेझच्या (जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरचं शुल्क) ऑटो पे खात्यात, डार्ट चार्जच्या (डार्टफर्डच्या पुलाचा टोल) खात्यात, पार्किंगच्या ॲपमध्ये, काउन्सिलच्या रेसिडेंट परमिटमध्ये तुमचा प्रायव्हेट नंबर आहे. मधल्या दिवसांत गाडी दुसऱ्याच नंबरवर आहे. खातं तुमचं असूनही डार्टफर्डच्या पुलावरून गेलात तर कॅमेरा मूळ नंबर टिपतो, तो खात्यात नसतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत पैसे भरले नाहीत की घरी दंडाचं पत्र. मूळ नंबर खात्यात तात्पुरता जोडा. आणि गाडी डीलरच्या ताब्यात गेली त्याच दिवशी आठवणीने काढा, नाहीतर पुढच्या मालकाचे टोल तुम्ही भराल. डीलरला दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती जपून ठेवा.

टॅक्सचं काही करावं लागत नाही, डायरेक्ट डेबिट गाडीबरोबर चालू राहतं. एमओटीच्या कागदावर जुना नंबर छापलेला राहतो, त्याने एमओटी बाद होत नाही. फक्त नंबर बदलण्याच्या त्याच आठवड्यात एमओटी लावू नका, पाटी एक आणि सिस्टीममध्ये दुसरा असं झालं की गॅरेजवाला परत पाठवतो.

---

परतीच्या_वाटेवर

थोडं विषयांतर, पण याच धाग्यात बसेल. पुढच्या वर्षी कायमचं पुण्याला परतायचं आहे. गाडी इथेच विकणार. नंबर ठेवून काही उपयोग? आणि विकायचाच तर नंबर कसा विकतात?

---

लॉगबुकवाला

भारतात हा नंबर लागत नाही, आरटीओतल्या पसंती क्रमांकाची व्यवस्थाच निराळी. पण गाडी विकायच्या आधी रिटेन्शनवर काढलात तर दहा वर्षं हातात राहतात. इथे राहणाऱ्या भावाला किंवा मित्राला नॉमिनी करून ठेवलंत तर पुढे त्याच्या गाडीला लावणं सोपं. गाडीच बोटीने नेणार असाल तर निर्यातीची सूचना डीव्हीएलएला द्यायच्या आधी नंबर उतरवा, नंतर उतरत नाही. हाच क्रम भंगारात देताना आणि विमा कंपनी गाडी टोटल लॉस ठरवते तेव्हाही. टोटल लॉसमध्ये तर भरपाईची रक्कम स्वीकारण्याआधीच ‘नंबर मी ठेवणार’ असं लेखी कळवायचं.

गाडी चोरीला गेली तर मार्ग आहे, पण अटी कडक: पोलिसांत तक्रार, आणि चोरीच्या वेळी टॅक्स आणि एमओटी दोन्ही चालू. एमओटी दोन दिवसांपूर्वी संपलेली असली तरी नंबर अडकतो.

विकायचं म्हणाल तर विक्रेत्याने खरेदीदाराच्या गाडीवर नंबर चढवून द्यायचा असतो. त्यासाठी त्याच्या गाडीचा नंबर आणि लॉगबुकचा रेफरन्स लागतो. इथे कोणी कोणावर विश्वास ठेवायचा हा पेच असतो, कारण चढवण्याचं बटण दाबलं की नंबर त्याचा झाला, परत घेता येत नाही. पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय दाबू नका. स्क्रीनशॉट म्हणजे जमा नव्हे. अनोळखी माणसाशी मोठ्या रकमेचा व्यवहार असेल तर नंबरांच्या डीलरमार्फत जा, कमिशन जातं पण पैसे मध्ये धरून ठेवले जातात.

आणि किंमत ठरवताना आपल्या हौशीची किंमत ग्राहकाकडून मागू नका. डीव्हीएलए स्वतःच २५० पाउंडांपासून नंबर विकते, त्यात ८० ची फी धरलेली असते. मराठी आडनावासारखं दिसणारं काहीतरी इथल्या ग्राहकाला दिसतच नाही, त्याला नुसती तीन अक्षरं दिसतात. गिऱ्हाईक शोधायचं तर आपल्याच मंडळाच्या गणपतीत शोधा.

---

स्लाऊची_ताई

मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात टाका, पण व्ही७७८ चा फोटो टाकू नका. त्यावरचे तपशील वापरून दुसरा कोणी नंबर परस्पर आपल्या गाडीवर चढवू शकतो. लॉगबुकचंही तेच: त्या ११ आकड्यांवर बोट ठेवून फोटो काढला तरी काठाचे आकडे दिसतात. नुसता नंबर टाइप करा, पुरे.

---

हॅरोचा_हौशी

लीझ कंपनीचं उत्तर आलं. नॉमिनी म्हणून त्यांचं नाव घाला म्हणाले, काढताना आठ आठवड्यांची सूचना हवी, आणि परतीचं लेखी द्यायला तयार आहेत. माझा नोटीस पिरियड तीन महिन्यांचा आहे, म्हणजे जमतंय. पण त्यांच्या पत्रात ‘नंबर काढल्यावर व्ही७७८ कंपनीच्या नावे निघेल’ असं आहे. हे ठीक आहे ना?

---

स्लाऊची_ताई

ते तसंच निघतं, कारण उतरवताना कीपर कंपनी असते, म्हणून ग्रँटी कंपनीच होणार. त्या दाखल्यावर नॉमिनी म्हणून तुमचं नाव घालायला सांगा आणि ते पत्रात आताच लिहून घ्या. मग पुढची गाडी तुमच्या स्वतःच्या नावावर असेल तर कंपनीला तिच्यावर नंबर चढवता येतो आणि तिथून पुढे हक्क पुन्हा तुमचा. करार संपेपर्यंत पुढची गाडी ठरलेली नसेल तर दाखला त्यांच्या कपाटात पडून राहील, तेव्हा पत्रात व्ही७७८ तुमच्या पत्त्यावर पाठवतील हेही घाला.